मामाचं मीठ

रेलिन घोड्यावरून पडली की आमच्या घरात तिला उचलायला कुणी धावत नाही. आधी सगळे माझ्याकडे बघतात. मग तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण मॅक्सीन अक्का, मान हलवते आणि म्हणते, "मामाचं मीठ." झालं. पडली ती, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा मी.

माझा गुन्हा एवढाच, की रेलिन तान्ही असताना मी एकदा टोपी घालून घरात शिरलो. टोपीची पुढची कड बकरीने खाऊन टाकली होती आणि हे मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. फळीच्या पाळण्यात बांधलेल्या त्या पोरीने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा हसली. साधं नाही, खळखळून. आम्हा दिने लोकांत, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी आम्हा लोकांत, बाळ पहिल्यांदा ज्याच्यामुळे हसतं त्याचे गुण उचलतं. म्हणून ज्याने हसवलं त्याने मेंढी कापायची, नात्यागोत्यातल्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं, आणि बाळाचा हात आपल्या हातात धरून आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर मीठ ठेवायचं, म्हणजे पोर मोठेपणी हात आखडणार नाही. मी सगळं रीतसर केलं. मेंढी चांगली दांडगी होती, पण तिची आठवण कुणी काढत नाही. आठवण काढतात ती त्या काळात मी काय उद्योग करत होतो याची.

त्या काळात मी जत्रेच्या मैदानात बैलांवर बसत होतो. म्हणजे बसत कमी आणि उतरत जास्त. एका वर्षी तर निवेदकाने माझं नाव पुकारण्याआधीच रुग्णवाहिकेवाल्याने गाडी सुरू केली, असं माझी बहीण सांगते. हे खोटं आहे. त्याने फक्त दार उघडून ठेवलं होतं. आता मी शाळेची बस चालवतो आणि बसवरून अजून एकदाही पडलेलो नाही, पण त्याचं कौतुक कोणाला?

आता रेलिन बिटसिली वीस वर्षांची आहे, डोंगराजवळच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि कॉलेजच्या रोडिओ संघात, म्हणजे घोड्याबैलांच्या खेळांच्या. तिचा खेळ बकरी बांधण्याचा. मैदानाच्या टोकाला खुंटीला एक बकरी असते. मुलगी भरधाव घोड्यावरून येते, घोडा थांबायच्या आत उडी मारते, बकरीला आडवी करते, तिचे तीन पाय दोरीने आवळते आणि हात वर करून मागे सरकते. बकरी थोडा वेळ तशीच पडून राहिली तर वेळ धरतात. सुटली तर सगळी मेहनत पाण्यात.

अक्काने हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती संघाच्या प्रशिक्षक बाईंकडे गेली आणि शांतपणे विचारलं, "बकरी आधीच बांधलेली आहे ना?"

"हो, खुंटीला."

"मग परत बांधायची कशाला?"

बाईंनी पुष्कळ समजावलं. चपळाई, घोड्यावरचा ताबा, हाताचा वेग. अक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आमच्याकडे या. न बांधलेल्या पुष्कळ आहेत."

रेलिनचं दुसरं वेड अभ्यासाचं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे. लुकाचुकाई गावाच्या आमच्या बाजूला जनावरांचा डॉक्टर यायचा म्हणजे अर्धा दिवस जातो, तोपर्यंत मेंढी एकतर बरी होते किंवा तिचा रस्सा होतो. लहानपणापासून आजारी कोकरू दिसलं की ही त्याच्याशेजारी जाऊन झोपायची. सकाळी कोकरू टुणटुणीत आणि हिला ताप. आता ती डॉक्टरकी शिकवणारं मोठं विद्यापीठ डोंगरापलीकडे, आणि तिथे रोडिओचा संघही आहे. तिथल्या प्रशिक्षकाने हिला मागच्या वर्षी सांगून ठेवलं होतं, की देशाच्या अंतिम स्पर्धेपर्यंत पोचलीस तर तुझी जागाही आमची आणि फीही आमची. जाताजाता म्हणाला, रसायनशास्त्रात गटांगळ्या खाणारी मुलगी मात्र नको.

म्हणून रेलिनने मूलद्रव्यांचा मोठा तक्ता घोड्याच्या ट्रेलरमध्ये आतून चिकटवला. घोड्याचं नाव कूपन. खरारा करताना ती त्याला विचारायची आणि तो मान हलवायचा. नायट्रोजनला तर दोनदा हलवायचा. एकदा मी बादली घेऊन तिथे गेलो तर मलाही पकडलं.

"मामा, विचार मला काहीही."

"मीठ म्हणजे काय?"

तिने धडाधड सांगितलं, सोडियम, क्लोरीन, कोण कुणाला काय देतं आणि कोण घेतं.

"चुकलं," मी म्हटलं.

"काय चुकलं? पुस्तकात आहे."

"मीठ म्हणजे एक मेंढी कापावी लागते."

ती इतकी हसली की कूपन दचकला आणि पाण्याची बादली माझ्या बुटात. तिचं हसू असंच आहे. आलं की आजूबाजूचं सगळं सांडतं. आणि येतं तेही नको तिथे. शिक्षक रागावले की हसते, दाढ काढताना हसली, आणि घोड्यावरून पडली की मातीत बसून हसते. हेही माझ्याच खात्यावर टाकलेलं आहे, वेगळं सांगायला नको.

तर गोष्ट इथून सुरू होते, की जानेवारीच्या कडाक्यात रेलिनच्या थोरल्या बहिणीला, शेरिलला, मुलगा झाला.

शेरिल दातांच्या दवाखान्यात काम करते. बाळ घरी आलं त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात कायदा लागू केला. पहिलं हसू वाटेल त्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. बाळाने घ्यावेत तर रेलिनचे गुण घ्यावेत: शिकणारी, घोडा हाकणारी, कॉलेजची. म्हणजे रेलिन सोडून बाकीच्यांनी बाळासमोर तोंडं पाडून बसायचं. घरात येणाऱ्या नातेवाइकांना ती दारातच बजावायची. आमचा एक चुलत मेहुणा आहे, त्याने नुसतं तोंड उघडलं तरी हसू येतं. तो चार वेळा आला आणि चारही वेळा त्याला कॉफी बाहेर गाडीत नेऊन दिली. बिचाऱ्याला वाटलं घरात कुणी आजारी आहे. पुढच्या वेळी तो औषधी झाडपाला घेऊन आला.

शेरिलचा नवरा ड्वेन मात्र खुशाल बाळाला मांडीवर घेऊन बसायचा. त्याला विनोद करता येत नाही आणि कुणी केला तर कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला याचा फायदा झाला.

आणि मी? मला तर घरात यायचीच चोरी.

"मामा, तू बाहेर बस."

"शेरिल, बाहेर बर्फ आहे."

"मग टोपी खाली ओढ. अजून. हनुवटीपर्यंत."

तीन महिने मी माझ्या बहिणीच्या घरी टोपीच्या आत जेवलो. रस्सा दिसत नव्हता, वासावरून चमचा घालत होतो. एकदा चमचा ड्वेनच्या वाडग्यात गेला. त्याला वाटलं मी असाच जेवतो.

पण खरी गंमत पुढेच. जिच्यासाठी हा सगळा बंदोबस्त, तीच बाळाजवळ फिरकेना.

आधीच्या शरद ऋतूपासूनच रेलिनचं काही खरं नव्हतं. एका मैदानात बकरीच्या अलीकडे पडली, एका मैदानात बकरीच्या पलीकडे, आणि एकदा चक्क बकरीवर. रसायनशास्त्रातही काठावर आली होती. तेव्हा तिने मनाशी धरलं की या अवस्थेत बाळाला हसवायचं नाही. आधी रसायनशास्त्र, मग देशाच्या स्पर्धेत नाव, आणि मग बाळ. तोवर ती रविवारी घरी यायची, बाळाकडे पाठ करून जेवायची आणि निघून जायची. शेरिलला राग यायचा.

"तू त्याची मावशी आहेस. धाकटी आई. त्यानं तुझी पाठच ओळखायची का?"

"ताई, थोडं थांब. आधी मी काहीतरी होऊ दे."

"तो थांबणार आहे का? परवा हसता हसता राहिला. पंख्याकडे बघून."

"पंखा बंद ठेव मग."

मार्चमध्ये रसायनशास्त्राचा निकाल लागला आणि रेलिन चांगल्या गुणांनी पास झाली. कूपनला एक जादा गाजर मिळालं, अभ्यासात मदत केल्याबद्दल. घोड्यावरही तिची उडी बसायला लागली. दोन मैदानं तिने मारली आणि आता फक्त वर्षातली शेवटची स्पर्धा उरली. त्यात बकरी नीट बांधली की देशाची स्पर्धा, तिथून मोठं विद्यापीठ, आणि तिथून घरी येऊन बाळ. सगळं एका दोरीवर आलं होतं.

त्याच आठवड्यात मी जळण घेऊन दाराशी आलो तेव्हा आत दोघी बहिणी बोलत होत्या. रेलिनचा आवाज आला, "काही झालं तरी मामाच्या हाती नको हं ताई. माझं काय झालं बघतेस ना. सतत पडते, आणि वर हसते वेड्यासारखी. माणसं मला धड धरतच नाहीत. त्याला तरी नीट काहीतरी मिळू दे."

एवढी वर्षं ती थट्टा मी अंगावर घेतली आणि मला गंमतच वाटत आली. त्या दिवशी मात्र वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मला पोरंबाळं नाहीत. त्या पोरीच्या हसण्यात आपलं काहीतरी आहे, या एका गोष्टीची मला मनातून फार मिजास होती. मी जळण खाली ठेवलं आणि ट्रेलरकडे गेलो. मागचा दिवा काढून, पुसून परत बसवत बराच वेळ तिथे बसलो. थोड्या वेळाने रेलिन बाहेर आली, दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बिघडला का?" म्हणाली. मी म्हटलं, "हो, बिघडला होता." ती आत गेली.

स्पर्धेला आम्ही दोघंच गेलो, मी गाडी हाकायला आणि ती घोड्यासाठी. अक्का बाळाजवळ राहिली. वाटेत मी एकदा सुरुवात केली, "तुला ठाऊक आहे, माझ्या वेळचा एक बैल होता..."

"मामा, आज मला हसवू नकोस. हात ढिले पडतात."

मग मी गप्प बसलो. गाडीत गप्प बसायचं म्हणजे माझ्यासाठी फार आहे. शाळेची पोरं सांगतील.

मैदानात वारा होता आणि धूळ उडत होती. पाठीवर नंबराचा कागद पिनांनी लावून, दोरी कमरेला खोचून रेलिन कूपनवर बसली होती, आणि तोंड असं, की दाढ दुखते आहे. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. तिची पाळी आली. कूपन सुटला तो सरळ रेषेत, तो घोडा तेवढा शहाणा आहे. आणि तिने उडी मारली, आणि ती पडली नाही. पाय जमिनीला लागले, दोन ढांगांत ती बकरीपाशी, बकरी आडवी, पाय गोळा, दोरीचा फेर, गाठ, आणि हात वर. मी इतकी वर्षं रोडिओ बघतोय. इतकं स्वच्छ काम मी थोड्याच वेळा पाहिलंय. माझे डोळे भरून आले आणि मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, "माझी भाची आहे."

बकरी आडवी पडून होती. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं. मग पाय झाडले, एक, आणि परत एक. दोरी सुटली आणि ती उठून उभी राहिली.

पंचाने निशाण हलवलं. गेलं सगळं. घाईत शेवटचा फेर सैल राहिला होता. पडली असती तर मामाचं मीठ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ती पडली नव्हती.

रेलिन दोरी उचलायला वाकली. तेवढ्यात बकरीने मागून येऊन तिच्या पाठीवरचा नंबर ओढून काढला आणि खुंटीपाशी सगळ्यांसमोर उभं राहून सावकाश चावायला लागली. सगळे प्रेक्षक हसले. ती शेजारची बाईसुद्धा हसली आणि मग माझ्याकडे बघून तिने तोंडावर हात धरला. रेलिन हसली नाही. मीही हसलो नाही, आणि बैलांवर बसण्यापेक्षा ते अवघड होतं. मग रेलिन बकरीपाशी गेली, गुडघे टेकून बसली, तिचा जबडा धरला आणि तोंडात बोटं घालून आत काहीतरी बघू लागली. निवेदक म्हणाला, आता ती आपला नंबर परत मागते आहे. लोक आणखी हसले.

परत येताना तिने गाडीच्या काचेला डोकं टेकवलं होतं. चिनली गाव मागे पडलं तेव्हा म्हणाली, "मला कॉलेजवर सोड."

"आणि कूपनला? वसतिगृहात घेतात का त्याला?"

"मामा."

"आधी घोडा उतरवू. मग सोडतो."

ती काचेकडे तोंड करून रडत होती. मला दिसत होतं. मी हीटर वाढवला. गरम होतं म्हणून ती काच खाली करत होती, मी परत वाढवत होतो. घरापर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं.

आत शिरताना मी सवयीने टोपी हनुवटीपर्यंत ओढली. टोपीला डाव्या बाजूला एक भोक पडलेलं आहे, त्यातून मला खोली दिसते. हे शेरिलला ठाऊक नव्हतं. अक्का चुलीपाशी होती. टेबलावर फळीचा पाळणा भिंतीला टेकवून उभा केलेला, त्यात बाळ, शेजारी शेरिल आणि ड्वेन. सगळ्यांची तोंडं कायद्याप्रमाणे उतरलेली, त्यामुळे कुणाला बातमी कळली आहे की नाही हे ओळखायची सोय नव्हती. रेलिनने बाळाकडे पाठ केली आणि फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. धुळीने माखलेली, गालावर पाण्याचे ओघळ.

अक्काने मक्याची पेज ढवळत विचारलं, "काय झालं?"

रेलिनने फ्रिजला सांगितलं, "दोरी सुटली."

"पडलीस?"

"नाही. पडले नाही. बांधली. मग सुटली."

अक्काच्या हातातला चमचा थांबला. शेरिलने बहिणीच्या पाठीकडे पाहिलं आणि ओठ चावला. मग हळूच म्हणाली, "मोठ्या विद्यापीठाचं?"

"नाही. आता पुढच्या वर्षी बघू. मी जाते. फक्त कूपनला उतरवायला आले होते."

"तुझा नंबर कुठं आहे?" अक्काने विचारलं. हे कागद ती जपून भिंतीवर लावते, हरलेलेसुद्धा.

रेलिन फ्रिजकडे बघतच म्हणाली, "बकरीनं खाल्ला."

अक्का चुलीकडे वळली. शेरिलने बाळाचं दुपटं उचलून तोंडात कोंबलं. माझी टोपी थरथरायला लागली, म्हणून मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. फक्त ड्वेन पुढे झुकला आणि काळजीने म्हणाला, "सगळा?"

"सगळा."

"पिनांसकट?"

"नाही. पिना नाही खाल्ल्या. मी बघितलं."

"कुठं बघितलं?"

"तिच्या तोंडात."

"म्हणजे हरल्यावर?"

"हो, हरल्यावर. पोटात गेली असती तर मेली असती ना ती. चारही पिना माझ्या पाठीलाच होत्या. एक टोचतेय अजून."

ड्वेनने विचार केला आणि म्हणाला, "मग बकरीनं काय केलं?"

"मला चावली," रेलिन म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच फाटला. मला वाटलं परत रडते आहे. तिचे खांदे हलत होते. तिने फ्रिजला कपाळ टेकवलं, आणि मग माझ्या ओळखीचा तो आवाज आला. आधी नाकातून, मग घशातून, मग सगळा. फ्रिजवरची चुंबकं पडली, अक्काची औषधांची यादी पडली. ती हसत हसत वळली, पोट धरून खाली बसली, टेबलाच्या पायापाशी, धुळीने माखलेलं तोंड वर करून. आणि समोर, बरोबर तिच्या वर, पाळण्यातल्या बाळाने डोळे मोठे केले, तोंड उघडलं आणि हसलं. पंख्याकडे बघून हसतात तसलं नाही. पोटातून.

रेलिनने तोंडावर हात दाबला.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही. हे मामानं केलं."

"माझं तोंड टोपीत आहे," मी आतून म्हटलं.

"मग ड्वेननं."

ड्वेनकडे सगळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, "मी तर पिनांचं विचारत होतो."

"ताई, आज नको. आई, सांग ना हिला. मी आज हरले. आजच हरले आणि आजच तो हसला. त्याला काय मिळालं?"

अक्काने चमचा खाली ठेवला, हात परकराला पुसले आणि आमच्या रीतीप्रमाणे बोट न दाखवता ओठ पुढे काढून बाळाकडे दाखवलं. "त्याला काय ठाऊक तू हरलीस ते? त्यानं तुला हसताना पाहिलं."

रेलिन बघत राहिली. बाळ परत हसलं. मग शेरिल रडायला लागली, तीन महिन्यांचा ताण होता तिच्यावर, आणि तिने बाळाला पाळण्यातून सोडवून सरळ रेलिनच्या मांडीत दिलं. तेव्हा रेलिनने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. "याचे कान ड्वेनसारखे आहेत," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही."

"आता टोपी काढू का?" मी विचारलं. मला कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा मी आपल्या मनानेच काढली.

चौथ्या दिवशी जेवण ठेवलं. मेंढी रेलिनने स्वतः निवडली आणि स्वतः पाय बांधले. अक्का शेजारी उभी राहून दोरीकडे बारकाईने बघत होती. "ही नाही सुटली," ती म्हणाली, आणि रेलिनने तिच्याकडे जे पाहिलं त्यावरून मी ओळखलं की पोरगी ठीक आहे. सगळे आले. तो चुलत मेहुणाही आला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा दाराच्या आत पाय ठेवू दिल्यामुळे भलताच फुशारून गेला. भाजलेलं मटण, रस्सा, तळलेल्या रोट्यांचा ढीग, पोरांना गोळ्या. कॉलेजच्या प्रशिक्षक बाई आल्या होत्या, त्यांना अक्काने सगळ्यांत मोठा तुकडा वाढला आणि न बांधलेल्या बकऱ्याही दाखवल्या.

रेलिन होगनमध्ये, म्हणजे आमच्या गोल लाकडी घरात, पश्चिमेच्या बाजूला बसली होती, मांडीवर बाळ, समोर टोपलीत मीठ. बाळाची मूठ आपल्या मुठीत धरून ती येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर मीठ ठेवत होती. माणसं मीठ तोंडात टाकत, बाळाला चार शब्द बोलत आणि जेवायला जात. मी सगळ्यांत शेवटी उभा राहिलो. लाकडं आणायची होती, पाणी बघायचं होतं. खरं सांगायचं तर त्या रांगेत उभं राहायला मला जरा अवघडल्यासारखं होत होतं.

माझी पाळी आली तेव्हा माझ्या मागे कुणी नव्हतं. मी हात पुढे केला. रेलिनने बाळाची मूठ उचलली, पण उघडली नाही.

"मामा, ट्रेलरचा दिवा बिघडला नव्हता," ती म्हणाली. "आदल्या दिवशी मीच बदलला होता."

मी म्हटलं, "मग सैल असेल."

"तू दाराशी होतास. जळण तसंच पडलं होतं तिथं."

बोलायला गेलो असतो तर काहीतरी थट्टाच केली असती, आणि ती तिला नको होती हे तोंडावरून दिसत होतं.

"त्या दिवशी मैदानातून बाहेर आले ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं आता मी परत घोड्यावर बसणार नाही. कॉलेजही सोडते. गाडीत मी तेच ठरवत होते, तू हीटर वाढवत होतास तेव्हा. मग फ्रिजसमोर ते हसू आलं आणि मला त्या बकरीचं तोंडच दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि कूपनला खोगीर घातलं. विचारसुद्धा केला नाही." तिने बाळाची मूठ माझ्या तळहातावर आणली. "हे हसू कुणाचं आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून तूच दे त्याला."

"काय देऊ?"

"धर त्याचा हात माझ्याबरोबर."

मग माझा एक हात पुढे पसरलेला, दुसरा हात बाळाच्या मुठीवर, त्यावर रेलिनचा हात, असं आम्ही तिघांनी मिळून माझ्याच तळहातावर मीठ ठेवलं. खडे जाडे होते. मी ते सगळे एकदम तोंडात टाकले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, आणि तेवढ्यात पाहिलं तर अक्का दारात उभी.

"मीठ फार खारट आहे," मी तिला म्हटलं.

"मीठच आहे ते, विल्फर्ड," अक्का म्हणाली. "ये, जेवायला बस."